वरचा लाख, खालचा शून्य

"सर, तुम्ही हे यंत्र चालताना बघितलंय का?"

प्रश्न शेवटच्या बाकावरच्या मुलीनं विचारला होता, आणि तिचा हेतू वाईट नव्हता, असं सरांनी पुढे बायकोला पुष्कळ वेळा सांगितलं. ते फळ्यावर आकृती काढत होते. उभी नळी, नळीतून फिरणारा रबराचा पट्टा आणि नळीच्या डोक्यावर धातूचा पोकळ गोळा. पट्टा फिरला की घर्षणानं वीज तयार होते, ती वर जाऊन गोळ्यावर साचते, साचता साचता तिचा दाब लाखभर व्होल्टपर्यंत चढतो, आणि तरीही गोळ्याला हात लावणारा माणूस मरत नाही, फक्त त्याचे केस उभे राहतात. हे सर इतकी वर्षं शिकवत आले होते, की डोळे मिटून काढला तरी त्यांचा गोळा गोलच यायचा.

"बघितलं नाही," सर म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. प्रयत्न केला की कान लाल होत.

"मग आमच्यासारखंच," मुलगी म्हणाली आणि वहीत गोळा काढू लागली.

वर्ग हसला असता तर परवडलं असतं. हसणाऱ्या वर्गाला दम भरता येतो. पण वर्गानं ते वाक्य सहज मान्य करून टाकलं, आणि ते सरांना फार लागलं. त्या दिवशी घरी त्यांनी जेवताना दोनदा पाणी मागितलं आणि दोन्ही वेळा प्यायले नाहीत.

"मी ते यंत्र बनवणार आहे," शेवटी त्यांनी जाहीर केलं.

"कोण?" बायकोनं विचारलं.

या एका शब्दात सरांच्या आजवरच्या सगळ्या घरगुती दुरुस्त्यांचा इतिहास होता. सरांनी तिकडे दुर्लक्ष केलं. मोठं काम हाती घेणाऱ्या माणसाला घरून उत्तेजन मिळत नाही, हे त्यांना माहीत होतं.

यंत्राला लागतं काय? प्लंबरकडून प्लास्टिकची नळी मिळाली. पट्टा मिळाला औषधाच्या दुकानात. खांद्याच्या व्यायामाला देतात तो रबराचा. दुकानदारानं विचारलं, "खांदा की कंबर?" सर म्हणाले, "वीज." दुकानदारानं सहानुभूतीनं मान हलवली आणि म्हणाला, "माझ्या मेव्हण्यालाही अशाच चमका येतात." गोळ्यासाठी दोन चकचकीत स्टीलची पातेली तोंडाला तोंड लावून बसवायची होती. ती घरातच होती. खालच्या पातेल्याला नळी जाण्याइतकं भोक पाडावं लागलं. बायकोनं ते पातेलं उचललं आणि भोकातून सरांकडे पाहिलं. तिच्या शिवणयंत्राची मोटर त्यांनी काढून घेतली, तेव्हा मात्र ती म्हणाली, "हे काढलंत तर आता यंत्रापुढे मीच बसणार. पायाखालची पट्टी किती दाबायची ते तुम्हाला कळत नाही. तुम्ही सायकलसुद्धा एकाच वेगानं चालवता." अशा रीतीनं प्रकल्पाला चालक मिळाली.

एका कोरड्या दुपारी बैठकीच्या खोलीत यंत्र पहिल्यांदा चाललं. बायकोनं पट्टी दाबली, मोटर गुणगुणली, पट्टा फडफडत फिरू लागला आणि सरांनी कोपर पुढे करताच गोळ्यातून टक्क करून निळी ठिणगी उडाली. पुस्तकात लिहिलं होतं ते खरं होतं.

आणि नेमके त्याच क्षणी अख्ख्या इमारतीचे दिवे गेले.

दिवे सरांमुळे गेले नव्हते. समोरच्या रस्त्यावरचेही गेले होते, त्या पलीकडच्याही. पण शेजाऱ्यांना कारण हवं असतं, आणि सरांच्या हातात ते चालू अवस्थेत सापडलं होतं. दारात माणसं जमली. सर्वांच्या पुढे खात्यातले काका. काका वीज खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरीभर ते बिलांच्या टेबलाशी बसले आणि खांबावर कधी चढले नाहीत, पण निवृत्तीनंतर इमारतीतला विजेवरचा शेवटचा शब्द त्यांचा असे.

"किती व्होल्टचं आहे?" काकांनी विचारलं.

"लाखभर होत असावेत," सर म्हणाले. लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांना तो आकडा उच्चारायला बरं वाटलं.

"मग बरोबर. इमारतीचं सगळं यानं ओढून घेतलं."

"काका, याला शिवणयंत्राएवढी वीज लागते. दाब जास्त आहे, पण धारा अगदी किरकोळ. दाब निराळा आणि धारा निराळी."

"हे पुस्तकात," काका म्हणाले. "करंट म्हणजे करंट."

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, की त्यांचा फ्रिज आठवडाभर घोरतोय. एका गृहस्थांना रात्री झोप नीट लागत नव्हती, तेही यातच जमा झालं. सरांना अपमान वाटला. पण दार लावून घेतल्यावर आरशापुढे ते जरा जास्त वेळ उभे राहिले, हेही खरं आहे. आजवर या इमारतीत त्यांना कोणी घाबरलं नव्हतं.

शाळेत मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, कल्पना आवडली. सभागृहात प्रात्यक्षिक, मुलं, पालक, सगळं आवडलं. नको त्या वेळी त्यांनी विचारलं, "व्होल्ट किती?" आणि उत्तर ऐकून हातातलं पेन खाली ठेवलं. "वीज कार्यालयाची हरकत नाही असं पत्र आणा. माझी काहीच हरकत नाही, पण त्यांचीही नसावी."

सर वर्गात परका शब्द वापरत नसत. मुलं व्होल्टेज म्हणायची, सर दाब म्हणायचे, आणि मुलांनीही तसंच म्हणावं म्हणून झटायचे. त्यामुळे अर्जात त्यांनी शुद्ध आणि स्वच्छ भाषेत लिहिलं, की उच्च दाबाविषयी विद्यार्थी आणि पालक यांच्या मनातली भीती दूर करण्यासाठी प्रात्यक्षिक घ्यायचं आहे. पुढची सारी भानगड या एका वाक्यातून झाली. पण वाक्याचा त्यात दोष नाही. वाक्य आजही बरोबर आहे.

वीज कार्यालयातल्या खिडकीमागच्या बाईंनी अर्ज वाचला. "लाखाला सबस्टेशन लागतं. शाळेला जागा आहे?"

"सबस्टेशन नको. मोटर शिवणयंत्राची आहे."

"शिवणयंत्राला परवानगी लागत नाही."

"मग लागत नाही एवढं लिहून द्या."

"ज्याला परवानगी लागत नाही, त्याचं आम्ही काहीच लिहीत नाही. लिहिलं तर लागते असं होईल."

यात काहीतरी चुकतंय हे सरांना कळत होतं, पण काय ते सापडेना. बाईंनी त्यांना आत साहेबांकडे पाठवलं. साहेब सज्जन होते. त्यांनी खुर्ची दिली आणि विचारलं, "ही वीज येते कुठून?"

"घर्षणातून. ही तारेतून वाहत नाही. गोळ्यावर साचून राहते."

साहेबांचा चेहरा खुलला. "मग तुम्ही चुकीच्या ठिकाणी आलात. आमच्याकडे फक्त वाहतं. साचलेलं जे काही असेल ते आरोग्य विभागाकडे." आणि सर तोंड उघडेपर्यंत त्यांनी अर्जावर शिक्का मारून तो पुढे धाडूनसुद्धा दिला.

सर घरी येऊन म्हणाले, "संपलं. आता वर्षभर काही उत्तर येत नाही." पण उत्तर लगेच आलं. आरोग्य विभागाला हा उपक्रम स्तुत्य वाटला होता. त्यांची हरकत नव्हती. पुढे आणखी दोन-तीन ओळी होत्या. पण हरकत नाही हे शब्द सापडल्यावर पुढचं वाचणारा माणूस अजून जन्मायचा आहे. मोठ्या बाईंनी फक्त शिक्का पाहिला. शाळेच्या कार्यालयातल्या लेखनिकानं मात्र पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि त्यावरून सूचना तयार करून फाटकावर लावली: "उच्च दाब: घाबरू नका, समजून घ्या. प्रात्यक्षिक आणि मार्गदर्शन. घरातील ज्येष्ठांना अवश्य आणावे."

सरांनी ती वाचली आणि त्यांना भरून आलं. ज्येष्ठांना आणा. इतकी वर्षं शेजारी बसून या लेखनिकाला भौतिकशास्त्राची गोडी आहे हे आपल्याला कळलंच नाही, असं ते बायकोला म्हणाले. बायको म्हणाली, "ज्येष्ठांना कशाला?" सर म्हणाले, "ज्ञानाला वय नसतं." ती पट्ट्यावर पावडर लावत होती. तिनं वर पाहिलं नाही.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी सभागृह भरून गेलं. मुलं मागं भिंतीला टेकून उभी होती, कारण खुर्च्यांवर आजी-आजोबा बसले होते. पुष्कळांनी डाव्या बाहीची घडी वर केली होती. सरांना वाटलं, उकडत असेल. एक आजोबा शेजारच्याला सांगत होते, की मी उपाशीपोटी आलोय. केवढी ही निष्ठा, असं सरांच्या मनात आलं.

"मित्रहो, उच्च दाब म्हटलं की आपण घाबरतो. पण नुसता दाब जास्त असल्यानं माणूस मरत नाही."

पहिल्या रांगेत समाधानाची लाट पसरली. एका आजोबांनी बायकोकडे, मी काय म्हणत होतो, अशा नजरेनं पाहिलं.

"आज मी स्वतः तुमच्यासमोर लाखभर दाब घेऊन दाखवणार आहे."

"किती?" उपाशी आजोबांनी विचारलं.

"लाख."

"वरचा की खालचा?"

सर थबकले. इतका नेमका प्रश्न त्यांना वर्गातही कोणी विचारला नव्हता. "वरचा," ते गोळ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "खालचा शून्य. खालचं टोक आपण जमिनीला जोडलेलं असतं."

"खालचा शून्य झाला की माणूस जमिनीलाच जोडतात," आजोबा म्हणाले. सभागृह गंभीर झालं.

सरांना या उत्तराचा अर्थ नीट लागला नाही, पण त्यात काही खोल असावं असं समजून ते पुढे गेले. हात कोरडे हवेत, खारट घाम नको, मीठ आणि पाणी एकत्र आलं की घात होतो, असं त्यांनी सांगितलं. मीठ बंद, असं दोघीतिघींनी एकमेकींना कळवलं. "आणि सगळ्यांत महत्त्वाचं," सर म्हणाले, "मी सांगेपर्यंत गोळ्याला कोणीही हात लावायचा नाही."

"गोळ्या बंद?" मागून कोणीतरी विचारलं.

"हो, बंद. मी सांगेन तेव्हाच हात लावायचा," सर म्हणाले. पंखा मोठ्यानं चालला होता, आणि त्यांना वाटलं गोळा बंद आहे का असं विचारलं.

याच वेळी दारातून आरोग्य विभागाच्या सिस्टर आत आल्या. त्यांच्या हातात रक्तदाब मोजायची पत्र्याची पेटी होती. पत्रातल्या सरांनी न वाचलेल्या ओळी त्यांच्याविषयी होत्या. त्या दारातच थांबल्या. "यांच्या गोळ्या कोणी बंद केल्या?"

सगळ्यांनी सरांकडे बोट दाखवलं.

"तुम्ही कोण?"

"मी फिजिक्सचा," सर म्हणाले. गोंधळात त्यांच्या तोंडून परका शब्द गेला, आणि तोच नेमका नडला.

"फिजिशियन? नोंदणी कुठली?"

"नाही हो. शिक्षक. हे यंत्र आहे, यात दाब—"

"यात दाब मोजता?" सिस्टरनी पातेल्यांकडे पाहिलं. कुठल्याही भोंदू माणसाकडे पाहावं तसं त्यांनी मग सरांकडे पाहिलं. "आजी, आजोबा, कोणीही गोळी बंद करायची नाही. यांचं काही ऐकू नका."

सभागृहात चर्चा सुरू झाली. ऐकू नका तर बोलावलं कशाला, असा एक पक्ष होता. मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि काय बोलावं ते न सुचल्यामुळे पुन्हा बसल्या. सर घामाघूम झाले. आपण काय बोललो, यांनी काय ऐकलं, आणि या ताई कोण, यांतलं एकही कोडं त्यांना सुटेना. बुडणारा माणूस काडीला धरतो तसा त्यांनी गोळ्यावर हात ठेवला, प्लास्टिकच्या स्टुलावर चढले आणि बायकोला म्हणाले, "चालू कर."

पट्टी दाबली गेली. पट्टा फडफडला. काहीच झालं नाही. सरांचे होते नव्हते ते केस जागच्या जागी राहिले.

"हवा दमट आहे," सर स्टुलावरून म्हणाले. "गर्दीच्या श्वासामुळे. कृपया सगळ्यांनी जरा कमी श्वास घ्या."

"श्वास रोखू नका कोणी," सिस्टर म्हणाल्या.

बायकोनं पिशवीतून केस वाळवायचं यंत्र काढलं, पट्ट्यावर गरम वारा सोडला, आणि कोणाला काही न विचारता पट्टी पार खाली दाबली. मोटर किंचाळली. सरांच्या डोक्यावरचे विरळ केस एकेक करून उठले आणि हवेत डुलू लागले. मिशीसुद्धा फिस्कारली. सर हसत होते. त्यांना हे दिसत नव्हतं, पण जाणवत होतं.

"उतरा खाली," म्हणत सिस्टर हातातली पत्र्याची पेटी घेऊन पुढे आल्या. सर नको, नको म्हणेपर्यंत त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून पेटीवर टक्क करून ठिणगी उडाली. सिस्टर दचकून मागे सरल्या. सर स्टुलावरून उतरले, म्हणजे पडले असंही म्हणता येईल, पण ते पायांवर पडले. सिस्टर कर्तव्यदक्ष होत्या. त्यांनी आधी सरांना खुर्चीत बसवलं, बाही वर केली आणि दंडाला पट्टा गुंडाळला.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक पांढऱ्या केसांच्या आजी उठल्या. "मला एक सांगा. घरातल्या बटणाचा झटका बसला तर माणूस मरतो. तुम्हाला लाखाचा बसला. मग तुम्ही मेला कसे नाहीत?"

सर खुर्चीत ताठ झाले. या एका प्रश्नासाठी त्यांनी पातेल्याला भोक पाडलं होतं. कोणीतरी विचारावं म्हणून इतकी वर्षं ते फळ्यापुढे उभे होते. त्यांनी तोंड उघडलं.

"बोलू नका," सिस्टर पंप दाबत म्हणाल्या. "आकडा चुकतो."

सर गप्प बसले. सभागृह वाट पाहत होतं. आणि अशा रिकाम्या जागेत जे होतं ते झालं. खात्यातले काका उठले.

"त्याचं असं आहे," काका म्हणाले. "सवय. रोज थोडं थोडं घेतलं की अंगाला लागत नाही. मी खात्यात होतो. हे घरी रोज घेतात, इमारतीला माहीत आहे. मध्ये तर सगळ्यांचं घेतलं."

लोकांना पटलं. सवय सगळ्यांना कळते. सर मान हलवू लागले, तर सिस्टरनी मानेलाही मनाई केली. "वाढतोय," त्या पेटीतल्या पाऱ्याकडे पाहत म्हणाल्या. काका पुढे, विजेचेही चांगली आणि वाईट असे दोन प्रकार कसे असतात ते सांगत होते. "अजून वाढतोय," सिस्टर म्हणाल्या. शेवटी त्यांनी पट्टा सोडला. "तुमचा दाब फार आहे. दवाखान्यात दाखवून घ्या. आणि हे असले कार्यक्रम बंद."

"लाख म्हणाले तेव्हाच मला शंका आली होती," उपाशी आजोबा हळहळले.

मग सिस्टर व्हरांड्यात टेबल लावून बसल्या आणि सगळे ज्येष्ठ वर केलेल्या बाह्यांनिशी त्यांच्यापुढे रांगेत उभे राहिले. मुलं मैदानावर पळाली. मोठ्या बाई सरांजवळ येऊन म्हणाल्या, "उपस्थिती छान होती," आणि निघून गेल्या. सभागृहात सर, बायको आणि त्या आजी उरल्या.

"मला काही ते सवयीचं पटलं नाही," आजी म्हणाल्या. "तुम्ही सांगा."

सरांनी धारा, प्रभार, विभव असे सगळे शब्द मनात जुळवले. मग ते सगळे बाजूला ठेवले. त्यांच्यात बळच उरलं नव्हतं. "आजी, गच्चीवरून मोहरीचा दाणा डोक्यावर पडला तर काय होईल?"

"काय व्हायचंय?"

"आणि माळ्यावरून पाटा पडला तर?"

"गेलीच मी."

"उंची म्हणजे दाब. या यंत्रात उंची गच्चीहून जास्त, पण पडतं ते मोहरीएवढं. घरातल्या बटणात उंची माळ्याएवढीच, पण वर पाटा आहे."

आजींनी वर आढ्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे. "मग आधीच मोहरी सांगायची होतीत," त्या म्हणाल्या. "यंत्र कशाला आणलंत?"

सरांनी बायकोकडे पाहिलं. तीही उत्तराची वाट पाहत होती.

"आता आणलंच आहे तर लावू द्या हात," आजी म्हणाल्या.

"छातीत काही यंत्र वगैरे बसवलेलं नाही ना?"

"छातीत काही नाही. गुडघ्यात आहे."

आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, पाय प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवले आणि त्यांचा हात गोळ्यावर टेकवला. बायकोनं पट्टी यावेळी हलकेच दाबली. पट्टा फिरत राहिला. आजींच्या अंबाड्यातून आधी एक बट सुटली, मग दुसरी, आणि मग सगळे पांढरे केस एकेक करत वर उठले.

"काहीच होत नाहीये," आजी म्हणाल्या.

"केस उभे राहिलेत."

"मला कसे दिसणार?"

सर गडबडले. आरसा आणायचं कोणालाच सुचलं नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मग त्यांची नजर पातेल्यांवर गेली. "हात तसाच ठेवा आणि गोळ्यातच बघा," ते म्हणाले.

आजी हळूच पुढे वाकल्या. चकचकीत स्टीलमध्ये त्यांचा वाकडा, फुगलेला चेहरा आणि त्याच्याभोवती पांढऱ्या केसांचा फुलोरा उमटला. त्यांनी डावीकडे मान केली, उजवीकडे केली. फुलोराही डावीकडे गेला, उजवीकडे गेला.

"असं होय," आजी म्हणाल्या.